सावलीचं नाव माहीत असताना: ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ पुन्हा कसं वाचावं

‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ तुम्ही एकदाही वाचलं नसेल तर इथेच थांबा. आधी पुस्तक वाचा, मग या. कारण मला शेवट आत्ताच सांगावा लागणार आहे. आधी कथानायक गेडच्या मागे लागणारी आणि मग गेड जिच्या मागे लागतो ती सावली, तिचं नाव ‘गेड’ हेच असतं.

उर्सुला के. ल ग्विन यांची ही कादंबरी 1968 सालची. त्या दुनियेत एखाद्याचं खरं नाव कळलं की त्याच्यावर सत्ता येते. पहिल्या वाचनात आपल्याला सावलीचं नाव माहीत नसतं, म्हणून आपण गेडसारखेच धावत सुटतो, पानं उलटत राहतो. दुसऱ्यांदा पुस्तक उघडतो तेव्हा नाव हातात असतं. दुसऱ्या वाचनात काय करायचं, या सगळ्याचं मूळ मला तरी इथेच सापडलं.

मी वेंगुर्ल्याची. एकोणतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. माझी प्रत 1991 साली मुंबईत बी.एड. करताना फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर घेतली. पहिल्या वाचनानंतर हे पुस्तक आणखी पाच वेळा वाचलं. त्यातली दोन वाचनं फुकट गेली, तीन फळली. त्या तिन्हींतून जे हाती लागलं ते सांगते.

पहिली गोष्ट, घाई करू नका. फुकट गेलेली दोन्ही वाचनं पहिल्या वाचनानंतर वर्षभरातली होती. कथा आठवत होतीच, पण वाक्यंही आठवत होती, आणि मग डोळे नुसते ओळींवरून घसरत गेले. वाक्यं विसरायला वेळ लागतो. माझ्या बाबतीत सहा-सात वर्षं लागली. ड्रॅगनशी गेड काय बोलला हे ढोबळ आठवतंय, पण ते कोणत्या शब्दांत हे आठवत नाही, अशी वेळ आली की पुस्तक काढावं.

प्रत शक्यतो जुनीच घ्या. कोकणात पुस्तक जपणं म्हणजे पावसाशी भांडण. मी दर दिवाळीच्या सुट्टीत कपाट रिकामं करते, पुस्तकं पडवीत सावलीच्या कडेला उघडी ठेवते आणि परत लावताना मध्ये कडुनिंबाची वाळलेली पानं घालते. थेट उन्हात ठेवलं तर बांधणीचा डिंक सुटतो. खुणा करायच्या त्या फक्त पेन्सिलीने, तीही बारीक टोकाच्या. पहिल्या खेपेला मी शाईच्या पेनाने रेघा मारल्या होत्या. त्या आता प्रत्येक वेळी मला ‘इथे बघ’ म्हणतात, आणि बाविसाव्या वर्षी जे बघितलं तेच पुन्हा बघायला लावतात.

सुरुवात करण्याआधी पहिला परिच्छेद आणि शेवटचं पान एका दमात वाचा. पहिल्या परिच्छेदात लेखिका सांगून टाकते की हा मुलगा पुढे ड्रॅगनांशी बोलणारा आणि महाजादूगार होणार, त्याच्यावर गाणी रचली जाणार, आणि ही गोष्ट त्या गाण्यांच्या आधीची आहे. म्हणजे तो जगणार हे पहिल्याच पानावर ठरलेलं आहे. शेवटच्या पानावर कळतं की त्याच्या नावाच्या त्या थोर गाण्यात या प्रवासाबद्दल एक अक्षरही नाही. हे दोन्ही शेजारी ठेवले की ‘तो वाचेल का’ हा प्रश्न बाजूला होतो. उरतं ते एवढंच, की गाण्यात जे आलं नाही ते काय होतं.

मग नकाशा. माझं सगळ्यात लाडकं काम हेच. ल ग्विन यांनीही आधी बेटांचा नकाशा काढला आणि मग गोष्ट लिहिली. तुम्ही त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा, बेटांच्या कडा गिरवा, आणि प्रत्येक प्रकरण संपलं की गेड कुठून कुठे गेला याची रेघ ओढा. त्याच्या जन्माच्या गाँट बेटाहून जादूगारांची शाळा असलेलं रोक, रोकहून नव्वद बेटांतलं लो टॉर्निंग, तिथून पेंडॉर, मग उत्तरेला थंडगार ऑस्किल, परत गाँट, आणि शेवटी पूर्वेला इफिश आणि त्याच्याही पलीकडे, जिथे नकाशा संपतो तिथवर. पहिल्या वाचनात ही नुसती नावं होती. रेघ काढल्यावर दिसलं की पळताना तो इकडून तिकडे भरकटतो, पण वळून पाठलाग करायला लागला की त्याची दिशा पूर्वेकडे ठरत जाते.

समुद्राकाठी वाढलेल्यांनी होड्यांचे उतारे जास्त सावकाश वाचावेत. शीड, वल्ही, सुकाणू, फुटलेली फळी याबद्दल बाई नेमकं लिहितात. पेचवरी नावाचा होडी बांधणारा गडी गेडला सुतारकाम शिकवतो आणि गेड त्याला होडी सांभाळणारे मंत्र शिकवतो. पहिल्यांदा हे मला कथेतलं रिकामं अंतर वाटलं होतं. आमच्या बंदरावर होडी बांधताना मी लहानपणी तासन्‌तास बघत बसायचे, तरीही. नंतरच्या वाचनात कळलं की पुढे पेचवरीचं तापाने फणफणलेलं मूल मरतं तेव्हा गेड मरणाच्या देशात त्याच्यामागे का धावला, याचं कारण त्या सुतारकामात आहे. तिथे मैत्री झाली नसती तर तो थांबला असता. मरणाऱ्याला जाऊ द्यावं, हे त्याला शिकवलेलं होतंच.

रोज एकच प्रकरण वाचा. दहा प्रकरणं, दहा दिवस. मी गणपती गेल्यावर सुरू करते, कारण तेव्हा संध्याकाळी घर शांत होतं. प्रकरण संपलं की त्याच रात्री पुढचं उघडायचं नाही. हे पुस्तक लहान आहे, एका रविवारी सहज संपतं, आणि म्हणूनच त्याचं नुकसान होतं.

आता मुख्य काम. एक शंभर पानी वही घ्या आणि तिच्यात फक्त सावली लिहा. ती कुठे दिसते, कोण तिच्याबद्दल काय म्हणतं. नाव माहीत असल्यामुळे आता तुम्हाला ती फार आधीपासून दिसेल. दुसऱ्या प्रकरणात गेडचा गुरू ओगियन याच्या घरात दाराजवळ दबा धरून बसलेली अंधाराची गाठ सगळ्यांना आठवते. पण त्याच प्रकरणाच्या शेवटी गेड ज्या जहाजातून रोकला जातो त्या जहाजाचं नाव ‘शॅडो’ आहे, हे तीन वाचनं मला दिसलंच नव्हतं. रोकच्या शाळेच्या दारातून तो आत जातो तेव्हा उजेड त्याच्या पाठीमागे आहे, आणि तरीही सावली त्याच्या टाचांमागून आत शिरल्यासारखी वाटते. भूगोलाच्या शिक्षिकेला हे पहिल्या झटक्यात कळायला हवं होतं. दिवा मागे असेल तर सावली पुढे पडते. वर्गात टॉर्च आणि खडू घेऊन मी हेच शिकवत आले. त्या एका वाक्यात सगळं पुस्तक उघडं ठेवलेलं आहे, आणि गोष्ट पुढे जायची घाई असल्यामुळे आपण त्यावर पाय देऊन पुढे जातो.

तिसऱ्या प्रकरणात वृद्ध महाजादूगार नेमर्ल भेटतो. त्याचा कावळ्याच्या जातीचा मोठा काळा पक्षी मध्येच ओरडतो, ‘टेरेनॉन उस्बुक’. शब्दांचा अर्थ कोणी सांगत नाही. सातव्या प्रकरणात ऑस्किलच्या गढीत जमिनीखाली टेरेनॉन नावाची दुष्ट शिळा निघते. तिथली सुंदर सेरेट म्हणजे दुसऱ्या प्रकरणात कुरणावर गेडला डिवचणारी मुलगी. ही जोडणी लेखिका स्वतःच करून देते, पण पक्ष्याची जोडणी तिने वाचकावर सोडली आहे. अशा जागा शोधताना पानं मागे उलटावी लागली तरी उलटा. पुन्हा वाचताना मागे जायची मोकळीक असते.

वहीतलं एक पान खास ठेवा: सावलीला नाव आहे की नाही, कोण काय म्हणतो? रोकवर मंत्राने सावली मोकळी सोडल्यावर गेड महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतो. त्यानंतर नवा महाजादूगार गेन्शर त्याला सांगतो की ती तुझ्या गर्वाची सावली आहे, तुझ्या अज्ञानाची सावली आहे, तू पाडलेली सावली आहे. आणि विचारतो, सावलीला कुठे नाव असतं? म्हणजे उत्तर चौथ्याच प्रकरणात देऊन झालेलं आहे, फक्त त्याला प्रश्नाचं रूप दिलं आहे. पेंडॉरचा ड्रॅगन येवॉड म्हणतो, मी तुला तिचं नाव सांगू शकतो. टेरेनॉन शिळेला ते माहीत असेल असं सेरेट म्हणते. ओगियन म्हणतो, प्रत्येक गोष्टीला नाव असतंच.

पहिल्यांदा मला ड्रॅगनचं बोलणं आमिष वाटलं होतं, खोटंसुद्धा असेल असं वाटलं होतं. आता मी त्या पानावर दर वेळी थांबते. गेडला स्वतःपुरतं सुटायची किल्ली समोर मिळत होती. ती नाकारून त्याने बेटांवरच्या कोळ्यांना दिलेला शब्द पाळला, येवॉडच्या नावानेच येवॉडला बांधून घेतलं. आणि ड्रॅगनने नाव सांगितलं असतं तर? ‘तुझंच’ एवढंच त्याला सांगता आलं असतं, आणि त्या वयात गेडला ते पटलं नसतं. हे माझं मत. तुमचं वेगळं असेल, पण ते वहीत लिहा. पुढच्या वाचनाला ते आधीचं मत सोबतीला असावं. येवॉडची अजून ओळख करून घ्यायची असेल तर 1964 सालची ‘द रूल ऑफ नेम्स’ ही लघुकथा मध्येच वाचली तरी चालेल. ती कादंबरीच्या आधीची आहे आणि हाच ड्रॅगन तिच्यात वेगळ्याच वेशात आहे.

कंटाळवाण्या वाटलेल्या जागा गाळू नका, उलट तिथे जास्त बसा. ओगियन गेडला शिष्य म्हणून नेतो आणि दिवसच्या दिवस काहीच शिकवत नाही. पाऊस आला तर एका मंत्रात थांबवता येईल, पण तो झाडाखाली आडवा होतो आणि पाऊस पडू देतो. बाविसाव्या वर्षी मी गेडच्या बाजूने चिडले होते. गुरू कसला हा? मग मी शिकवायला लागले. रोकवरचे एक गुरुजी सांगतात की इथे पाडलेला पाऊस म्हणजे ऑस्किलमधला दुष्काळ असू शकतो. हे वाक्य मी नववीच्या वर्गात मान्सून शिकवताना वापरत आले. मुलांना ते समजतं. ओगियन काहीच शिकवत नव्हता असं आता मला वाटत नाही. ऐकायचं असेल तर गप्प बसावं लागतं, असं तो म्हणतो. त्याची ती पावसातली पानं मी मुद्दाम पावसाळ्यात पुन्हा काढून वाचते, पुस्तक वाचत नसतानाही.

रंगाकडे लक्ष द्या. माझ्या प्रतीच्या मुखपृष्ठावरचा मुलगा गोरापान आहे. पहिल्या वाचनात मी तोच चेहरा डोक्यात घेऊन शेवटपर्यंत गेले. प्रत्यक्षात तिसऱ्या प्रकरणात, त्याचा मित्र वेच पहिल्यांदा भेटतो तिथे स्पष्ट लिहिलं आहे: गेड आणि त्या द्वीपसमूहातले बहुतेक लोक तांबूस तपकिरी, वेच काळसर तपकिरी. गोरे कातडीचे आणि पिवळ्या केसांचे ते पहिल्या प्रकरणात गाव लुटायला आलेले कार्ग. 1968 साली एका अमेरिकन लेखिकेने हे ठरवून केलं होतं. 2004 साली दूरचित्रवाणीवर मालिका आली आणि गेडच्या भूमिकेत गोरा नट आला तेव्हा त्यांनी जाहीर लेख लिहून नाराजी मांडली. मी आता पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर घालून वाचते. गेड माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलांसारखा दिसायला लागल्यापासून त्याचा राग, त्याची शाळेतल्या जेस्पर या प्रतिस्पर्ध्यासमोरची अवघडलेली ऐट, सगळं जवळून कळलं.

दोन-तीन तरी प्रकरणं मोठ्याने वाचा. आईला इंग्रजी येत नाही. चौथ्या वाचनाच्या वेळी ती अंथरुणाला होती, म्हणून मी संध्याकाळी दिवेलागणीनंतर तिला मराठीत सांगत सांगत वाचलं. असं सांगताना लबाडी चालत नाही. न कळलेलं वाक्य तोंडातून बाहेरच पडत नाही, तिथे अडकायला होतं, आणि ते अडकणंच कामाचं. आई मध्येच म्हणायची, “मगे? फुडे काय झाला?” आणि ओटक नावाचा तो गेडच्या खांद्यावरचा छोटा प्राणी ऑस्किलच्या बर्फात मेला तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

खऱ्या नावाचा भाग तिला समजवावा लागलाच नाही. तिने मलाच समजावलं. लग्नात ताटातल्या तांदळात सोन्याच्या अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं गेलं आणि त्या दिवसापासून माहेरचं नाव कोणी घेतलं नाही. ते नाव मला माहीत होतं, पण कुणी तिला त्या नावाने हाक मारल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. पहिलं पुस्तक संपल्यावर मी तिला ‘द टूम्ज ऑफ अटुआन’ सांगितलं. 1971 सालचं हे दुसरं पुस्तक. त्यात टेनार नावाच्या लहान मुलीला देवळात नेऊन तिचं नाव काढून घेतात, आर्हा म्हणतात, म्हणजे गिळली गेलेली. गेड तिला तिचं नाव परत देतो. त्या रात्री आईने तिचं नाव स्वतः उच्चारलं. ते इथे मी लिहीत नाही.

म्हणून सांगते, पुन्हा वाचायला शक्य असेल तर कुणाला तरी सोबत घ्या. ज्याने हे वाचलेलं नाही असा माणूस उत्तम. फक्त त्याला सावलीचं नाव सांगू नका.

आता एक दुखरी जागा. पहिल्याच प्रकरणात गाँटमधल्या दोन म्हणी येतात: बायकांच्या जादूसारखं दुबळं, आणि बायकांच्या जादूसारखं दुष्ट. रोकच्या शाळेत एकही मुलगी नाही. गेडला पहिला मंत्र शिकवणारी त्याची मावशी अडाणी चेटकीण म्हणून मागे राहते. पहिल्यांदा मी हे ओलांडून गेले. पन्नाशीत ओलांडता आलं नाही. आवडतं पुस्तक पुन्हा वाचताना असं काही टोचलं तर टोचू द्या, पुस्तकाची बाजू घेऊन ते झाकू नका. पेन्सिलीने समासात रेघ मारा आणि पुढे चला. कारण ल ग्विन यांनाही ते टोचलं. 1972 च्या ‘द फार्देस्ट शोर’ नंतर अठरा वर्षांनी, 1990 मध्ये त्यांनी ‘टेहानू’ लिहिलं. त्यात टेनार ही शेतावरची विधवा आहे, शक्ती गमावलेला गेड आहे, भाजलेली एक मुलगी आहे, आणि जादू पुरुषांचीच का, हा प्रश्न घरकाम करता करता विचारला जातो. लेखिकेने स्वतःची दुनिया पुन्हा वाचली ती अशी. आधीचं काहीच पुसलं नाही, फक्त उंबऱ्याच्या आतल्या बाजूने बघितलं. ‘टेहानू’ मात्र पहिल्या पुस्तकाला लागून लगेच वाचू नका. मध्ये निदान एक महिना जाऊ द्या, नाहीतर पदरात काही पडत नाही.

आठव्या प्रकरणासाठी एक वेगळी संध्याकाळ ठेवा. होडी फुटून गेड एका वाळूच्या बेटावर लागतो. तिथे दोघंच, म्हातारा आणि म्हातारी, लहानपणी कुणीतरी तिथे आणून टाकलेले कार्ग. माणसाला भ्यायलेले. म्हातारी त्याला जपून ठेवलेला लहान मुलाचा रेशमी अंगरखा दाखवते आणि तुटलेल्या कड्याचा अर्धा तुकडा देते. तो घेतो, निघून जातो. या पुस्तकात त्या तुकड्याचं पुढे काहीच होत नाही, आणि अटुआन वाचलेल्याला मात्र ते पान हातात धरवत नाही. त्या तुकड्याचा दुसरा अर्धा भाग टेनारच्या अंधारात आहे. मी त्या पानावर पुस्तक मिटते आणि पुळणीवर फेरी मारून येते.

शेवटचं प्रकरण सकाळी वाचा, उजेडात. समुद्राची वाळू होते, तो वल्ही टाकून चालायला लागतो, आणि वेच नावेत बसून बघतो. या वेळी तुम्ही वेचच्या बाजूला बसा. त्याला काहीच माहीत नाही. मित्र जिंकला की हरला हेही त्याला कळत नाही, आणि तरी तो तिथवर आला आहे. पहिल्या वाचनात मला वेच दिसलाच नव्हता.

झालं की ट्रेसिंग पेपरवर तारीख घाला, घडी घालून पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यात ठेवा. माझ्या प्रतीत आता असे तीन कागद आहेत. तिन्ही रेघा थोड्या थोड्या वेगळ्या आहेत. ऑस्किलहून गाँटला जाणारी रेघ पहिल्या दोन कागदांवर बाकीच्यांसारखीच सलग आहे. तिसऱ्यावर मी ती तुटक काढली, कारण तेवढं अंतर तो माणूस नव्हता, ससाणा होता, आणि ओगियनच्या मनगटावर उतरेपर्यंत स्वतःचं नाव जवळजवळ विसरला होता.